हौशी ट्रायथलीटला एका हंगामातून नेताना: नव्या कोचसाठी पायरी पायरीने

दोन-चार ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यती, तुम्ही स्वतः पूर्ण केल्या आहेत आणि आता ओळखीतलं कुणीतरी विचारतंय, "मला तयार कराल का?" माझीही सुरुवात अशीच झाली. पहिल्या हंगामात माझ्याकडे चारजण होते. चौघांनाही मी आठवड्याला दहा तासांचे, शर्यतीच्या दिवसापासून मागे मोजत आणलेले, रंग भरलेले तक्ते करून दिले. पुस्तकी नजरेने पाहिलं तर त्या तक्त्यांत चूक सापडली नसती. पण ज्यांच्यासाठी ते होते त्यांपैकी एकजण रात्री तान्ह्या बाळाला घेऊन जागत होता आणि एकीला महिनाअखेरीला बारा-बारा तास काम असायचं. चौघांपैकी दोघंच शर्यतीला उभे राहिले.

हौशी खेळाडूचा हंगाम त्याच्या उरलेल्या वेळात घडतो. म्हणून आधी तो वेळ आणि त्या माणसाची झोप बघायची आणि त्यात मावेल तेवढंच लिहायचं. पुढचा सगळा क्रम मी याच समजुतीवर बसवला आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- आरोग्याची माहिती: जुने आजार, चालू औषधं, शस्त्रक्रिया, दुखापती
- डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र (कुणासाठी, ते पहिल्या पायरीत)
- तातडीच्या वेळी संपर्कासाठी दोन व्यक्तींची नावं आणि क्रमांक
- धोक्यांची कल्पना दिल्याची आणि संमतीची सही
- निवडलेल्या प्रत्येक शर्यतीची नियमपुस्तिका, छापून
- तुमचं स्वतःचं प्रथमोपचार आणि सीपीआर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मुदतीतलं

साधनं: स्टॉपवॉच, वजनकाटा, शिट्टी, भडक रंगाच्या टोप्या, कमरेला बांधायचा तरंगता फुगा, टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारा पंप आणि नोंदवही. सायकलवर लावलेला जोर वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर असेल तर छान, पण त्यावाचून कुणाचा हंगाम अडत नाही. पहिल्या वर्षी पाच-सहापेक्षा जास्त जण घेऊ नका. प्रत्येकाची नोंदवही दर आठवड्याला नीट वाचायची असते, आणि ते काम वाटतं त्याहून मोठं आहे.

१. पहिली भेट: गेल्या आठवड्याची हकिगत ऐका

"आठवड्याला किती तास देऊ शकाल?" हा प्रश्न मी आता विचारत नाही. त्यावर प्रत्येकजण मनातल्या आठवड्याचं उत्तर देतो. त्याऐवजी कागदावर सात रकाने आखा आणि म्हणा, "गेला सोमवार कसा गेला ते सांगा. उठलात कधी, निजलात कधी?" मग मंगळवार, बुधवार. अर्ध्या तासात खरं चित्र समोर येतं: दोन पहाटा मोकळ्या, एक संध्याकाळ कधी मिळते कधी नाही, शनिवार सकाळ नक्की, रविवारी घरच्यांना वेळ. जे तास निघतील त्यांतला पाव भाग बाजूला ठेवा, उरलेल्या वेळाचाच तक्ता करा. पाहुणे, ताप, पोरांच्या परीक्षा हे सगळं त्या बाजूला ठेवलेल्या वेळातून जाणार असतं.

घरातल्या जोडीदाराला या भेटीला बोलावता आलं तर जरूर बोलवा. शनिवारचे चार तास कुणाच्या खांद्यावर पडणार आहेत, हे आधी बोललेलं बरं असतं.

मग तब्येत. हे प्रश्न संकोच न करता विचारा: श्रमाच्या वेळी छातीत दुखतं का? कधी भोवळ आली आहे का? धडधड होते का? जवळच्या नात्यात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला आहे का? रक्तदाबाचं औषध चालू आहे का? एकाचंही उत्तर "हो" आलं, तर डॉक्टरांचा कागद हातात पडेपर्यंत सराव सुरू करू नका. चाळिशी ओलांडलेल्या आणि बरीच वर्षं बसून काढलेल्या माणसाला मी उत्तरं काहीही असली तरी तपासणीला पाठवते. १९८५ ते २०१६ या काळातल्या अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना अभ्यासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश पोहण्याच्या टप्प्यात घडलेल्या दिसल्या. पाण्यात माणूस कोसळला तर ते पटकन दिसतही नाही. म्हणून ही पायरी कुणाच्याही घाईखातर गाळू नका, ओळखीच्या माणसासाठी तर मुळीच नाही.

२. शर्यती निवडा आणि मागे मोजत या

अंतरं अशी:
- स्प्रिंट: ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं
- ऑलिंपिक: १.५ किमी, ४० किमी, १० किमी
- हाफ: १.९ किमी, ९० किमी, २१.१ किमी
- फुल: ३.८ किमी, १८० किमी, ४२.२ किमी

हंगामातली एक शर्यत मुख्य. तिला 'अ' म्हणू. तिच्याआधी एक-दोन 'ब' शर्यती तालमीसाठी, आणि वाटल्यास एखादी 'क', जी सरावाचा दिवस समजून करायची. दुसरी 'अ' शर्यत हवीच असेल तर मध्ये किमान दहा आठवडे सोडा. सलग वीस मिनिटं धावू शकणाऱ्या आणि दोनशे मीटर न थांबता पोहू शकणाऱ्या माणसाला मी स्प्रिंटसाठी बारा आठवडे, ऑलिंपिकसाठी सोळा आणि हाफसाठी चोवीस आठवडे धरते. पोहणं शून्यापासून शिकायचं असेल तर हा हिशेब पोहणं आल्यानंतर सुरू होतो.

इथला सापळा म्हणजे 'फुल केली तरच खरा ट्रायथलीट' ही समजूत. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन, म्हणजे फुल अंतराची शर्यत, झाली, तेव्हा पंधराजण सुरुवातीला उभे होते आणि बाराजणांनी ती पूर्ण केली. त्या अंतराभोवती तेव्हापासून एक वलय आहे. पण २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १.५-४०-१० या अंतराने, आणि ते अंतर वेगात करणं अतिशय अवघड आहे. तुमच्याकडे येणारा पहिल्याच वर्षी फुल म्हणत असेल तर त्याला त्याचाच सात रकान्यांचा कागद दाखवा. फुलच्या तयारीतले पाच-सहा तासांचे सायकलचे शनिवार त्यात कुठे बसतात, ते त्यालाच शोधू द्या.

नियमपुस्तिकेतल्या दोन गोष्टींवर आत्ताच खूण करा. पहिली कटऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची मुदत: आयर्नमॅन नावाने होणाऱ्या शर्यतींत फुलला सहसा १७ तास आणि हाफला साडेआठ तास मिळतात, शिवाय पोहण्याला आणि सायकलला वेगळी मुदत असते. दुसरी वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा आणि तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत १५०० मीटरपर्यंतच्या हौशी गटाला पाणी २२ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम असेल तर वेटसूट चालत नाही. आयर्नमॅनमध्ये ही मर्यादा २४.५ अंश आहे. वेटसूटच्या तरंगण्यावर विसंबून असलेल्या माणसाला शर्यतीच्या सकाळी "आज वेटसूट नाही" असं कळलं तर त्याचे पायच गळतात. त्यामुळे निम्मा सराव त्याच्याविनाच करून घ्या.

३. तीन छोट्या चाचण्या

आज माणूस कुठे आहे ते कळल्याशिवाय वेग लिहून देता येत नाही. तीनही चाचण्या एकाच आठवड्यात कोंबू नका, दोन आठवड्यांत पसरा.

पोहणं: नीट शरीर गरम करून ४०० मीटर पूर्ण जोर लावून, मग बरीच विश्रांती, मग २०० मीटर. समजा ४०० ला ८ मिनिटं ४० सेकंद लागले आणि २०० ला ४ मिनिटं १० सेकंद. फरक ४ मिनिटं ३० सेकंद, तोही २०० मीटरचा. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं १५ सेकंद. हा त्याचा टिकाऊ वेग. पोहण्याचे मुख्य संच, म्हणजे ठरावीक अंतराच्या ओळीने फेऱ्या, याच्या आसपास लिहा.

सायकल: २० मिनिटं एकसारखा जोर. पॉवर मीटर असेल तर सरासरी वॅटला ०.९५ ने गुणा, तो आकडा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढा जोर.

धावणं: सपाट रस्त्यावर एकट्याने ३० मिनिटं, जमेल तितक्या वेगाने पण सारख्या चालीत. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती त्याचा उंबरठा, म्हणजे जिच्यापुढे फार वेळ टिकता येत नाही ती हृदयगती. सायकलचा उंबरठा वेगळा काढा, तो बहुधा काही ठोक्यांनी कमी येतो.

'२२० वजा वय' हे कमाल हृदयगतीचं सूत्र वापरू नका. एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, आणि तेवढ्या चुकीत हलका सराव जड होऊन बसतो.

उपकरणं नसतील तर बोलण्याची कसोटी घ्या. पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर सराव हलका, तुकड्यांत बोलता येत असेल तर मध्यम, आणि दोन शब्दांवर अडत असेल तर जड. या चाचण्या दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करा.

४. आठवडा बांधा

ऑलिंपिक अंतराची तयारी करणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसाचा माझा एक नेहमीचा आठवडा असा असतो. सोमवार सुटी. मंगळवारी ४० मिनिटं धावणं, त्यात मध्ये वेगाचे पाच-सहा तुकडे. बुधवारी एक तास सायकल, हलकी. गुरुवारी ४५ मिनिटं पोहणं, मुख्य संच टिकाऊ वेगाने. शुक्रवारी ४५ मिनिटं पोहणं, फक्त तंत्र. शनिवारी दोन तास सायकल आणि लगेच २० मिनिटं धावणं. रविवारी ७० मिनिटं सावकाश धावणं. पोहण्याच्या दोन दिवसांना वीस-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम जोडायचे: स्क्वॉट, पोटरी उचलणं, प्लँक, रबरी पट्ट्याने खांदे. सगळं मिळून साडेसात तासांच्या आत.

यातला बराचसा वेळ हलका आहे, आणि तो खरंच हलका राहिला पाहिजे. सहनशक्तीच्या खेळांतले अव्वल खेळाडूसुद्धा सुमारे ८० टक्के सराव हलका ठेवतात, असं त्यांच्या सरावाच्या अभ्यासातून दिसलं आहे. हौशी मंडळी नेमकी इथे फसतात. वेळ कमी म्हणून प्रत्येक धाव "जरा दमवणारी" करतात, आणि मग मंगळवारी, जेव्हा खरंच वेग हवा असतो, तेव्हा पायांत काही उरलेलं नसतं. "सावकाश धावताना लाज वाटते" असं मला अनेकांनी सांगितलं आहे. त्यांच्यासोबत एक रविवार तुम्ही स्वतः धावा आणि सबंध वेळ त्यांच्याशी गप्पा मारत राहा. तोंडी सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात तिसरा भाग कमी करायचा. पंचेचाळिशीपुढच्यांना आणि झोप कमी मिळणाऱ्यांना दोन आठवडे वाढ आणि तिसरा हलका, हे जास्त मानवतं.

आणि पहिल्याच दिवशी हा नियम सांगून ठेवा: चुकलेला सराव भरून काढायचा नाही. बुधवार गेला तर गेला. गुरुवारी बुधवारचं आणि गुरुवारचं दोन्ही केलं की शनिवार बिघडतो, मग रविवार. हा नियम ऐकल्यावर माणसांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले आहेत.

५. नोंदवही वाचायला शिका

माझ्या मते कोचचं खरं काम इथे आहे.

प्रत्येक सरावानंतर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूने एक ते दहामध्ये आकडा लिहायचा: आजचा सराव एकूण किती जड वाटला? त्याला मिनिटांनी गुणायचं. ६० मिनिटांची सायकल आणि आकडा ४, म्हणजे २४०. आठवड्याची बेरीज करून मागच्या आठवड्याशी ताडून बघा. बेरीज एकदम उसळली असेल तर का, ते विचारा. तोच सराव, तोच वेग आणि आकडा मात्र ४ वरून ६ झाला असेल, तर तो आकडा सरावाबाहेरचं काही सांगत असतो.

आकड्याखाली तीन ओळी लिहून घ्या: झोप किती, पाय कसे, आणि आज सुरुवात करावीशी वाटत होती का.

या तीन ओळी मी का मागते ते सांगते. दुसऱ्या हंगामात माझ्याकडे एक शिक्षिका होत्या. वक्तशीर, एकही सराव न चुकवणाऱ्या. त्यांच्या वहीत प्रत्येक खणात बरोबरची खूण असायची आणि शेऱ्यात एकच शब्द, "ठीक." तीन आठवडे सलग ठीक, ठीक, ठीक. मी खुणा मोजत होते आणि खूश होते. चौथ्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, "नडगी सकाळी दुखते, धावायला लागल्यावर बरं वाटतं." मी तेव्हाही फक्त बर्फ लावायला सांगितलं. दहा दिवसांनी एका जागी बोट दाबलं की त्या कळवळत होत्या, आणि तपासणीत नडगीच्या हाडाला बारीक तडा निघाला. हंगाम तिथेच संपला. नंतर विचारल्यावर कळलं की महिनाभर त्या पाच तासच झोपत होत्या. मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून हाडावर एका ठरावीक जागी दुखत असेल तर माझ्याकडे धावणं त्याच दिवशी थांबतं आणि माणूस डॉक्टरांकडे जातो. पोहणं आणि सायकल दुखत नसेल तर चालू राहते. तीन खेळ असल्याचा हा मोठा फायदा आहे.

बाकीच्या खुणा: सकाळची नाडी नेहमीपेक्षा बऱ्याच ठोक्यांनी वाढलेली, सलग चार-पाच दिवस चिडचिड, वजन उगाच उतरणं, वारंवार सर्दी. स्त्री खेळाडूंना पहिल्याच भेटीत सांगा की पाळी लांबली किंवा थांबली तर कळवा. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती महत्त्वाची खूण असू शकते. तीन महिने पाळी आली नसेल तर डॉक्टरांकडे पाठवायलाच हवं. हे बोलायला तुम्हाला अवघड वाटत असेल तर आधीच छापील प्रश्नावलीत घाला. पुरुषांतही कमी खाण्याचे परिणाम होतात: थकवा हटत नाही, दुखापती बऱ्या होत नाहीत. ताप असेल तर सराव बंद, आणि ताप उतरल्यावर दोन-तीन दिवस फक्त चालणं.

शंका आली की कमी करा. सराव वाढवायला पुढचा आठवडा असतोच.

६. खुल्या पाण्याची ओळख

जलतरण तलावात दीड किलोमीटर सहज पोहणारा माणूस खुल्या पाण्यात, म्हणजे तळ्यात किंवा समुद्रात, पन्नास मीटरवर घाबरू शकतो. माझ्याकडचा एक उत्तम पोहणारा पहिल्याच दिवशी चाळीस मीटर गेला, मान वर काढली, पुन्हा खाली घातली, आणि मग नुसता हातपाय मारत जागच्या जागी राहिला. टोपी दिसत होती, पण टोपी पुढे सरकत नव्हती. सोबतची कायाक (छोटी वल्ह्याची होडी) त्याच्यापर्यंत गेली तेव्हा त्याने पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि मिनिटभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "खाली काहीच दिसत नाही."

त्याला तिथे तसं अचानक नेणं ही माझी चूक होती. आता क्रम असा. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं: चेहरा पाण्यात, सावकाश श्वास सोडणं, गार पाण्याची सवय. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला समांतर, उभं राहता येईल एवढ्या खोलीत. तिसऱ्यांदा बोयापर्यंत, म्हणजे पाण्यावरच्या तरंगत्या खुणेपर्यंत, जाऊन परत. प्रत्येकाला उताणं होऊन तरंगणं आणि हात वर करून मदत मागणं आधी शिकवा आणि दर वेळी दहा सेकंद करून घ्या. भीती वाटली की उताणं, तोंड आकाशाकडे, दहा श्वास, मग हळू पोहणं. हे शर्यतीतही नियमात बसतं. कायाक धरून विश्रांती घेता येते, तिच्या आधाराने पुढे सरकलं नाही म्हणजे झालं.

दिशा बघणं शिकवा: सहा ते दहा हातांनंतर डोळे पाण्याच्या जेमतेम वर, समोरची खूण बघायची, मग श्वास बाजूला. डोकं पूर्ण उचललं की पाय बुडतात. शेवटी तीन-चार जणांना खांद्याला खांदा लावून एकदम सुरुवात करायला लावा, म्हणजे शर्यतीत कुणाचा हात पाठीवर पडला तर दचकायला होणार नाही.

काही नियमांना अपवाद नाही. एकट्याने जायचं नाही. भडक टोपी आणि तरंगता फुगा हवाच. काठावर एकजण फक्त टोप्या मोजत उभा असेल. पोहताना दम लागून खोकला येत असेल, छातीत गुरगुर होत असेल किंवा गुलाबी फेस येत असेल, तर लगेच पाण्याबाहेर आणि लगेच वैद्यकीय मदत. फुफ्फुसांत पाणी साठण्याची ती लक्षणं असू शकतात आणि तरुण, धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं.

७. ब्रिक आणि ट्रान्झिशन

सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय आपले वाटत नाहीत. ती सवय ब्रिकने, म्हणजे सायकलनंतर लगेच धावण्याच्या सरावाने, होते. दर आठवड्याला एक पुरे, त्यातलं धावणंही पंधरा-वीस मिनिटांचंच.

ट्रान्झिशनसाठी, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाण्यासाठी, एक टॉवेल पसरा. मागे सायकलचे बूट, पुढे धावण्याचे, सायकलच्या हँडलवर उलटं ठेवलेलं हेल्मेट, पट्टे बाहेर सोडलेले, त्यात गॉगल. कमरेच्या पट्ट्यावर लावलेला क्रमांक सायकलला पाठीवर आणि धावताना पोटावर. महिन्यातून दोनदा पाच-पाच फेऱ्या स्टॉपवॉच लावून करून घ्या. एक गोष्ट हाडीमासी खिळली पाहिजे: आधी हेल्मेटचा क्लिप लावायचा, मगच सायकलला हात. परत आल्यावर सायकल स्टँडवर टांगायची, मगच क्लिप सोडायचा. दमलेला माणूस हेच उलटं करतो आणि दंड खातो. सायकलवर चढायचं ते चढण्याच्या रेषेनंतर, आणि उतरायचं ते उतरण्याच्या रेषेआधी.

८. खाणं-पिणं सरावात ठरवा

साधारण सव्वा तासापेक्षा लांब शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. अडीच तासांपलीकडे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं मिश्रण वापरून, ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण पोटाला त्याची सवय आठवडे लावून करावी लागते. शनिवारची लांब सायकल त्यासाठीच आहे. शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात घालायचं नाही.

घामाचा हिशेब वजनकाट्यावर करा. तासभर सरावाआधी ७०.० किलो, नंतर ६९.२, मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलं, म्हणजे घाम सुमारे १.३ लिटर. तेवढं सगळं परत प्यायलाच हवं असं नाही. वजन सरावानंतर वाढलेलं दिसलं तर तो गंभीर इशारा समजा. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घटतं आणि त्याने जीवही जाऊ शकतो. हळू चालीने लांब शर्यत करणाऱ्यांत हा धोका जास्त असतो, आणि नवखे बहुधा त्यांतलेच असतात.

पूरक पावडरी आणि गोळ्या तुम्ही सुचवू नका. डोपिंगचे नियम हौशी गटालाही लागू असू शकतात, आणि नेहमीच्या काही औषधांनाही आधी परवानगी काढावी लागते.

९. टेपर

'अ' शर्यतीआधी दोन आठवडे सरावाचा एकूण वेळ ४० ते ६० टक्क्यांनी उतरवा, यालाच टेपर म्हणतात. सरावाचे दिवस आणि छोट्या तुकड्यांतला वेग तसाच ठेवा. या काळात खेळाडू अस्वस्थ होतो, पाय जड वाटतात, जुनी दुखणी आठवतात. "एक शेवटची लांब राइड करू का?" असा निरोप येणारच. नाही म्हणा. 'ब' शर्यतीआधी चार-पाच दिवस हलके पुरतात.

१०. शर्यतीचा दिवस

आदल्या आठवड्यात एका पानावर आराखडा लिहून द्या. प्रत्येक टप्प्याला एकच सूचना आणि एकच आकडा. पोहताना पहिली दोनशे मीटर मुद्दाम सावकाश. सायकलवर हाफसाठी एफटीपीच्या ७० ते ८० टक्क्यांत, पहिला अर्धा तास त्याच्याही खाली. धावण्याचा पहिला किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू. धावताना कोलमडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सायकलवरच स्वतःला संपवलेलं असतं. आराखड्याच्या मागच्या बाजूला तीन अडचणी लिहा: चष्मा निघाला, टायर पंक्चर झालं, पोट बिघडलं, तर काय करायचं. पंक्चर काढणं तुमच्यासमोर दोनदा झालेलं असलं पाहिजे.

ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने जाण्याला, बंदी असलेल्या शर्यतीत पुढच्या सायकलपासून किती अंतर ठेवायचं ते नियमपुस्तिकेतून पाठ करून घ्या. आयर्नमॅनमध्ये हौशी गटाला ते १२ मीटर आहे आणि मागे टाकायला २५ सेकंद मिळतात.

आता तुमच्यासाठी. नवे कोच उत्साहात खेळाडूसोबत धावतात, बाटली पुढे करतात. बाहेरची मदत नियमात बसत नाही आणि दंड खेळाडूला होतो. सायकलचा परतीचा मार्ग आणि धावण्याचा शेवटचा तिसरा भाग जिथून दिसतो अशी जागा आदल्या दिवशीच शोधा. ओरडून एकच गोष्ट सांगा, तीही आधी ठरलेली. माझ्याकडची मंडळी बहुधा "खांदे!" एवढंच मागतात. दमल्यावर खांदे कानापर्यंत चढतात, आणि तो शब्द ऐकला की ते खाली येतात.

११. शर्यत संपल्यावर

त्या दिवशी आकड्यांची चर्चा नको. माणूस पाणी प्यायला का, कोरडे कपडे घातले का, उभा राहताना चक्कर येत नाही ना, घरी गाडी कोण चालवणार, एवढं बघा. अर्धवट सोडावी लागली असेल तर तेव्हा कारणं विचारू नका.

स्प्रिंटनंतर तीन-चार दिवस, ऑलिंपिकनंतर आठवडा, हाफनंतर दोन आठवडे ठरवून वेगाचं काही नाही. फुलनंतर महिनाभर तरी. पोहणं आणि हलकी सायकल आधी, धावणं सगळ्यांत शेवटी.

साधारण दहा दिवसांनी भेटा, नोंदवही मध्ये ठेवून. मी तीन प्रश्न विचारते: कुठला आठवडा सगळ्यांत बरा गेला, कुठला सराव करायला कधीच मन झालं नाही, आणि घरचे काय म्हणाले? पुढच्या हंगामाचा विषय त्या दिवशी मी काढत नाही. चार आठवडे बिनतक्त्याचे जाऊ द्या. मग पुन्हा सात रकान्यांचा कोरा कागद घ्या, आरोग्याचा आणि तातडीच्या संपर्काचा कागद नव्याने भरून घ्या, आणि गेला सोमवार कसा गेला ते विचारा.